फेरनिवड

उद्धवराव गावंडे वकील बाहेर बाकावर बसून ताक पीत होते, आणि आत काचेपलीकडे त्यांच्या मेंदूला फिट आली होती.

अर्थात काचेपलीकडचा मेंदू खरा नव्हता. संस्थेत त्याला प्रतिमेंदू म्हणत. माणसाच्या डोक्यावर महिनाभर जाळीची टोपी ठेवायची, झोपेत, जागेपणी, बोलताना, भांडताना त्याच्या मेंदूत विजेची लहर कुठून कुठं जाते ते टिपायचं, आणि त्यावरून संगणकात हुबेहूब तसाच मेंदू उभा करायचा. मग अपस्मारावरची नवी औषधं आधी त्याला देऊन पाहायची. पूर्वी गोळ्या बदलता बदलता माणसाची वर्षं जात, संसार मोडकळीला येत. ते सगळे हाल आता प्रतिमेंदू एका दुपारीत सोसून मोकळा होई. नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावरची ‘मेंदूवाट’ ही संस्था त्यासाठीच नावाजलेली होती, आणि संस्थेत नाव होतं ते डॉ. वसुधा देवपुजारी यांचं.

वसुधाला स्वतःला कॉलेजात असल्यापासून फिट्स येत. तोंडाला कोरड आणणाऱ्या, वजन वाढवणाऱ्या, डोकं बधिर करणाऱ्या सगळ्या गोळ्या तिनं एके काळी गिळलेल्या होत्या. त्यामुळे समोरचा माणूस खातो काय, काम काय करतो, घरी कोण आहे, चिडला की काय फेकतो, हे सगळं विचारल्याशिवाय ती चिठ्ठीवर पेन टेकवत नसे. बाई मोठ्या प्रेमळ, पण जरा विचित्र, असं संस्थेत म्हणत. संडास-बाथरूममध्ये भरलेली बादली दिसली की त्या ती ओतून पालथी घालत, आणि सफाईवाल्या बायका रोज कुरकुरत पुन्हा भरत. रस्ता ओलांडताना त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट बाहेर काढलेलं असे, कुणाला वाट दाखवत असल्यासारखं. कुणी थट्टा केली तर त्या स्वतःही हसत.

“पहिली गोळी गेली,” वसुधा पडद्याकडे बघत म्हणाली. “फिट थांबते, पण रागाचं केंद्र बघ, कसं पेटलंय. हा माणूस एकटा राहतो आणि आधीच तापट आहे. दुसरीनं शब्द सापडेनासे होतात. वकिलाला शब्द सापडले नाहीत तर त्यानं करायचं काय? तिसरी रक्तातलं मीठ कमी करते, आणि ब्लडप्रेशरची त्यांची गोळीही तेच करते.”

“चौथी?” मकरंदनं विचारलं.

मकरंद देवपुजारी हा तिचा नवरा, आणि संस्थेचा मुख्य औषधशास्त्रज्ञ. बोलायला कमी. वर्षातून एकदा, पावसाळा सरता सरता, पाठ धरल्याचं सांगून तो दिवसभर एकटाच आंभोऱ्याला नदीवर जाऊन येई. पाठदुखीवर नदीचा उपाय कुठल्या पुस्तकात आहे, असं वसुधा त्याला विचारी.

“चौथीनं फिट सुरू होते, पण बहुतेक वेळा सगळ्या मेंदूत पसरत नाही. बहुतेक वेळा. कधी तरी पसरते, आणि मग माणूस जागच्या जागी कोसळतो. मागच्या महिन्यात हे गृहस्थ कोर्टाच्या जिन्यावरून खाली आले, डोक्याला टाके पडले. पुढच्या वेळी टाक्यांवर भागेल का?” वसुधानं पडद्यावर बोट फिरवलं. “आता तुझी गोळी.”

रेषा शांत झाली. ना राग, ना सुस्ती, ना मिठाची भानगड. एखाद्या निरोगी माणसाची असावी तशी रेषा पडद्यावरून चालत राहिली.

“वाटबंद,” वसुधा समाधानानं म्हणाली. “ठरलं.”

मकरंदनं चष्मा काढून पुसला. “चौथीवरच ठेवलं तर?”

“तुझंच औषध, आणि तूच कचरतोस? तुझ्यासारखा विक्रेता असला की दुकान बुडालंच म्हणायचं.”

तो हसला नाही.

*

वसुधानं वकिलांना आत बोलावलं. साठीला टेकलेला धिप्पाड माणूस, कपाळावर ताजा व्रण. बसता बसता त्यांनी ताकाचा रिकामा पेला कुठं ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी खिडकीत ठेवला.

“साध्या भाषेत सांगते,” वसुधा म्हणाली. “फिट म्हणजे मेंदूत भलतीकडे पळत सुटलेली वीज. पण ती वाटेल तशी पळत नाही. प्रत्येक माणसात तिची ठरलेली वाट असते. त्याच पेशी, त्याच क्रमानं. जितक्या फिट्स येतात तितकी वाट मळत जाते. इतर औषधं सगळ्या मेंदूला थोडं थोडं शांत करतात, म्हणून झोप येते, चिडचिड होते. ही गोळी तेवढी एक वाट बंद करते. बाकी मेंदूला धक्का नाही.”

“आणि वाटेवर जे असतं, त्याचं काय?”

प्रश्न नेमका होता. वसुधाला नेमके प्रश्न आवडत. “ते सांगायलाच बोलावलं. आठवणीसुद्धा त्याच पेशींमध्ये राहतात. वाटेवर ज्या राहतात त्यांना आम्ही वस्ती म्हणतो. वाट बंद झाली की वस्तीवर जाता येत नाही. तुम्हाला फिटच्या आधी काय होतं ते पुन्हा सांगा बरं.”

गावंडे हातांकडे बघत बोलू लागले. “शालू हाक मारते. माझी बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मी बाहेरच्या खोलीत असतो अन् ती आतून म्हणते, अहो, चहा उकळून राहिला नं! लई साधं बोलणं आहे. पण आवाज अस्सल तिचाच, मॅडम. मला ठाऊक असते की आता आपण पडणार. तरी मी आधी ‘आलो’ म्हणतो, मग पडतो.”

वसुधानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग तिनं सांगायचं ते सांगितलं. शालूताईंचा आवाज, त्यांचं स्वयंपाकघर, त्यांच्यासोबतच्या संसाराचा मोठा भाग त्या वाटेवर वस्तीला होता. गोळी सुरू झाल्यावर आपलं लग्न झालं होतं हे कुणी सांगितलं तर कळेल, पण कळलेलं टिकणार नाही. फोटो समोर धरला तर कुणी तरी बाई दिसेल.

“आणि याचं दुःख मला होणार नाही.”

“होणार नाही. शिवाय दर सहा महिन्यांनी आम्ही विचारतो, हे औषध आज पुन्हा निवडाल का? फेरनिवड म्हणतो आम्ही. हा नियम मीच केला. ‘नाही’ म्हणालात की गोळी त्याच दिवशी बंद. दोन-तीन दिवसांत वाट मोकळी होते आणि सगळं परत येतं.”

“आतापर्यंत किती जण नाही म्हणाले?”

“एकही नाही,” वसुधा अभिमानानं म्हणाली.

गावंड्यांनी मान वर केली. इतका वेळ समोर आजारी माणूस बसला होता, आता तिथं वकील बसला. “एवढ्या लोकांत एकही नाही? माझ्या कोर्टात असा निकाल लागला असता, तर मी म्हणालो असतो की साक्षीदार फोडले.”

“औषध चांगलं आहे हो. मी स्वतः हीच गोळी घेते. पुण्यात असताना पोटात गाठ झाली होती, ती काढली. त्यानंतर काही काळानं फिट्सनी उच्छाद मांडला. तेव्हा मकरंदनं ही गोळी नुकतीच बनवली होती. पहिली मीच घेतली.”

“तुमच्या वाटेवर काय होतं?”

“फार काही नाही. शाळेतल्या काही दुपारी.”

“हे तुम्हाला आठवते?”

“आठवेल कसं? मकरंदनं सांगितलं.”

“ऐकीव पुरावा,” गावंडे म्हणाले, आणि लगेच हात जोडले. “रागावू नका, मॅडम. सवय आहे. पण मी वेगळंच विचारून राहिलो. तुम्ही मला अपिलाचा हक्क देता, मुदतही देता. पण अपील कोण करणार? शालू कोण होती हे ज्याला ठाऊक आहे, तोच म्हणेल नं, की मला ती परत पाहिजे. तो माणूस तर तुम्ही गोळी देऊन घरी पाठवला. मागं जो उरला, त्याचं काय बिघडलं? तो तर खूशच राहील.”

वसुधानं समोरची चिठ्ठी उलटी करून ठेवली. बाहेर कूलरमधलं पाणी ठिबकत होतं. “संध्याकाळपासून सुरू करायची होती ना?” ती शेवटी म्हणाली. “गोळ्या घेऊन जा. पण मी फोन केल्याशिवाय घेऊ नका.”

*

मकरंदची खोली मागच्या बाजूला होती. वसुधा आत आली ती बोलतच.

“फेरनिवडीला काही अर्थ नाही. आपण इतकी वर्षं स्वतःची फसवणूक करतोय. ऐक. समज, एका बाईच्या वाटेवर तिचं कुणी तरी माणूस होतं. गोळी घेतल्यावर तिला कुणी सांगितलं, की बाई गं, तुझं अमुक एक माणूस होतं. तिला वाटलं, मग मला गोळी नको. पण हे वाटणं कुठून जाणार? त्या माणसाच्या आठवणीवरूनच ना? म्हणजे बंद वाटेवरून! गोळीची वेळ येईपर्यंत ते वाटणं शिल्लकच राहणार नाही. नाही म्हणणारा माणूस तयारच होऊ शकत नाही. आपण त्याला समाधान म्हणून मोजतोय!”

“बस जरा.”

“बसत नाही. चाचणी घेऊ. एखादा रुग्ण निवडू, घरच्यांना विश्वासात घेऊ, त्याला सगळं सांगू आणि संध्याकाळी विचारू.”

“ती चाचणी झालीये, वसू.”

“मला न विचारता? कुणावर?”

मकरंद उठला. त्यानं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. नजर तिच्यावर होती.

वसुधा हुशार बाई होती. तिला ऐकावं लागलं नाही. तिचा हात आपोआप पोटाकडे गेला, साडीच्या निऱ्यांच्या आत जिथं तो आडवा व्रण होता तिथं. असे व्रण तिनं शिकत असताना प्रसूतिविभागात कितीतरी पाहिले होते. स्वतःचा रोज आंघोळीला दिसे, आणि त्याबद्दल तिच्या मनात कधी प्रश्न आला नव्हता. का आला नाही, हे आता कळलं.

“गाठ नव्हती,” ती म्हणाली.

“नव्हती.”

“मुलगा की मुलगी?”

“मुलगी. जुई.”

ती खुर्चीत बसली. नाव कानांनी घेतलं, पण आत कुठं ते ठेवायला जागा होईना. ओल्या पाटीवर पेन्सिल चालवावी आणि काहीच उमटू नये, तसं चाललं होतं. ती डॉक्टर होती, म्हणून हे काय होतंय तेही तिला दिसत होतं. वाक्य चालू असेपर्यंत अर्थ लागे. संपलं की विरून जाई.

“काय नाव म्हणालास?”

“जुई.”

“बोलत राहा. थांबू नकोस. कशी गेली?”

मकरंदनं सांगितलं. हे आपण पहिल्यांदा सांगत नाही, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. पुण्याचं घर. पावसाळा सरत आलेला, सकाळची वेळ. जुई नुकती चालायला शिकलेली. वसुधा तिला आंघोळ घालत होती, तो खाली दूध आणायला गेला होता. आंघोळ घालता घालता वसुधाला फिट आली. बादली भरलेली होती. तो वर आला तेव्हा दोघीही जमिनीवर होत्या, एक श्वास घेत होती आणि एक नव्हती.

“त्यानंतर तुला तिची आठवण आली की फिट येई, आणि फिट आली की तिची आठवण येई. शेवटी फिट्स थांबेचनात. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर हात टेकले. माझी गोळी तयार होती, माणसावर वापरलेली नव्हती. तू निवडली नाहीस, वसू. मी निवडली. तुझ्या वाटेवर कोण आहे ते मला माहीत होतं. मी ते पडद्यावर न पाहताही सांगितलं असतं.”

“आई फोनवर मधेच रडते ती याचसाठी?”

“हो. लोकांच्या तोंडून निघतंच. मी कुणाला गप्प बसवलेलं नाही. तुझ्याजवळ ते टिकत नाही, एवढंच.”

वसुधाला वाटलं, आता आपल्याला रडू यायला हवं. कुणा परक्या बाईची ही गोष्ट ऐकली असती तरी आलं असतं. ते येईना. यायला वाटच नव्हती. ती कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली, आणि या कोरडेपणाची तिला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

“हे तू मला याआधी सांगितलंयस.”

“ज्या ज्या वेळी मला एकट्याला झेपेनासं झालं त्या त्या वेळी.”

“आणि मी काय म्हणाले?”

“गोळी देऊ नकोस म्हणालीस. माझ्या गळ्याची शपथ घातलीस. एकदा डबीवर चिठ्ठी चिकटवलीस, गोळी घेऊ नकोस अशी. दुसऱ्या दिवशी ती वाचून हसलीस. कुणी तरी चेष्टा केली म्हणालीस. दिवेलागण झाली की तूच विचारतेस, माझी गोळी कुठंय.”

“आणि तू देतोस.”

“मग काय करू? तुला मरू देऊ?” त्याचा आवाज चिरकला. “एक गेलीच आहे माझी. दुसरी कशी जाऊ देऊ?”

तिला त्याचा राग आला. राग येऊ शकत होता, कारण तो समोर उभ्या असलेल्या माणसाचा होता. “आणि एवढं ठाऊक असून तू काचेपाशी उभा राहून गावंड्यांचा प्रतिमेंदू बघत होतास? तो माणूस आज संध्याकाळी बायकोला पुसून टाकणार होता. मी त्याला सांगत होते की कधीही परत फिरता येतं!”

“मी म्हणालो होतो, चौथीवर ठेवू.”

“म्हणालास! कारण द्यायला हवं होतंस.”

“कारण दिलं असतं तर तू विचारलं असतंस, कशावरून. मग मला हे सगळं सांगावं लागलं असतं. आणि संध्याकाळी तू पुन्हा विचारलं असतंस, कशावरून.”

तिला जाणवलं, की मघाशी ऐकलेलं नाव पुन्हा निसटलं आहे. तिनं डोकं हातात धरलं आणि शोधू लागली, माझ्याजवळ टिकेल असं काय आहे? मग ती एकदम ताठ बसली.

“वकिलांचा मुद्दा. तो टिकेल ना? तो सगळ्याच माणसांबद्दल आहे. त्याला तिच्यावरून जावं लागत नाही.”

मकरंदनं विचार केला. “टिकेल.”

तिनं लगेच फोन लावला. गावंड्यांचा फोन व्यस्त लागत होता. तिनं निरोप ठेवला, गोळी घेऊ नका, उद्या सकाळी या, मुद्दा तुमचाच बरोबर आहे. फोन खाली ठेवून ती नवऱ्याकडे वळली. या वेळी तिनं शपथ घातली नाही. गोळीबद्दल काहीच बोलली नाही.

“आता तिच्याबद्दल सांग. मी विसरेपर्यंत सांग.”

मकरंद तिच्यासमोर जमिनीवरच बसला. किती वर्षांत कुणी त्याला हे विचारलं नसेल कोण जाणे. वरणभात खाताना जुई भात बाजूला काढून ठेवी आणि वरण तेवढं चाटी. कुत्र्याला आणि कावळ्याला एकच नाव तिनं ठेवलं होतं, भू. रात्री वसुधाच्या वेणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. सांगता सांगता तो हसत होता आणि त्याचे गाल ओले झाले होते.

“चालताना तुझंच बोट लागायचं तिला. डाव्या हाताचं. मी माझं पुढं केलं तर झिडकारायची. माझं बोट तिच्या मुठीत मावायचं नाही.”

वसुधानं डावा हात वर करून पाहिला. एक बोट जरासं बाहेर आलेलं होतं. सवयी मेंदूत दुसरीकडे राहतात, त्यांना औषधानं हात लावलेला नव्हता, हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं रस्त्यारस्त्यांवर तिच्या हाताला जे आठवत होतं, ते तिला आठवत नव्हतं. ती बोटाकडे बघत राहिली.

फोन वाजला. गावंडे होते. सकाळी नेमकं कधी यायचं, उपाशीपोटी यायचं की जेवून, गोळ्या परत आणायच्या का? वसुधानं सगळी उत्तरं दिली आणि ताक प्यायला हरकत नाही असंही सांगितलं. फोन ठेवून तिनं पदरानं मान पुसली.

“तू खाली का बसलास? पाठ दुखेल की. काय बोलत होतो आपण?”

मकरंदनं तोंडावरून हात फिरवला. “गावंड्यांबद्दल.”

“हां, गावंडे! अरे, काय अचूक मुद्दा काढला बघ त्यांनी.” ती उठली. “डोळे लाल झालेत तुझे. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.”

*

सकाळी गावंडे आले तेव्हा वसुधाचा नवा नियम तयार होता. तिला रात्री झोप चांगली लागली होती.

“तुम्ही म्हणालात, अपील कोण करणार? मी म्हणते, दुसऱ्यानं करावं. तुमच्यात मुखत्यारपत्र करतात ना? तसं आठवणीचं मुखत्यारपत्र. वाटबंद घेणाऱ्यानं आधी एक माणूस नेमायचा. स्मरणमुखत्यार. तो रुग्णाच्या वतीनं सगळं लक्षात ठेवील, आणि फेरनिवडीत प्रश्न त्याला विचारायचा. तो नको म्हणाला की गोळी बंद. तुम्हाला मुलगी आहे ना?”

“आहे. अकोल्याला आहे.” गावंड्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मकरंद खिडकीपाशी उभा होता. “नियम चांगला आहे, मॅडम. कायद्यात बसते. पण माझ्या पोरीला मी नाही नेमणार. आईला विसरून गेलेला बाप तिनं रोज पाहायचा, एकटीनं आईसाठी रडायचं, आणि वरून दर सहा महिन्यांनी निकालही तिनंच द्यायचा? एकीकडं आई, दुसरीकडं बाप. असा निकाल माणसाकडून मागू नये हो.”

“मग?”

“मला चौथी गोळी द्या. हाक येऊ द्या. कधी पडलो तर पडलो. जिना चढणार नाही, खालच्या कोर्टातली कामं घेईन. एकटा आहे, तर शेजारच्या पोरांना सांगून ठेवीन.” ते जरा हसले. “चहा उकळून राहिला म्हणते. तेवढं ऐकायला मिळालं तरी बस्स आहे.”

वसुधानं चौथी गोळी लिहून दिली. पडण्यापासून जपायचं कसं, पोहायचं नाही, शेगडीपाशी एकट्यानं उभं राहायचं नाही, आंघोळ बादली न भरता तांब्या-तांब्यानं घ्यायची, हे सगळं नीट समजावलं. चिठ्ठी देताना तिचे डोळे भरून आले. रुग्णांसाठी तिचे डोळे असे भरत, त्यात नवीन काही नव्हतं.

मग ती मकरंदकडे वळली. “नियम मी केला, तर आधी मीच पाळायला हवा. माझी सहामाही याच आठवड्यात आहे. माझा मुखत्यार तू. बोला मुखत्यारसाहेब, चालू ठेवायची का माझी गोळी?”

ती हे हसत म्हणाली. मकरंद हसला नाही. खिडकीची दांडी त्यानं घट्ट धरली होती. गावंड्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर साक्षीदारांचे चेहरे वाचलेला तो माणूस, त्यानं तो चेहरा एकदा पाहिला, मग वसुधाकडे पाहिलं आणि नजर खाली घालून आपली पिशवी आवरायला घेतली.

“अरे, शाळेतल्या दुपारींसाठी एवढा विचार?” वसुधा म्हणाली.

“चालू ठेव,” मकरंद म्हणाला.

“झालं! पहिली खरी फेरनिवड.” तिनं समाधानानं खुर्ची मागं सारली.

दिवेलागणीला दोघं संस्थेतून बाहेर पडली. तलावाकडून गरम वारा येत होता, पलीकडे मक्याच्या गाड्यांवर दिवे लागले होते. फाटकाशी थांबून वसुधानं पर्समधून डबी काढली, गोळी तोंडात टाकली आणि बाटलीतलं पाणी प्याली. शहरात लग्नाचा हंगाम होता, रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. तिनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या हाताचं बोट जरासं बाहेर आलं.

मकरंदनं ते धरलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रस्त्यात त्यानं असं कधी केलं नव्हतं. हात घट्ट होता. वसुधा चालता चालता थबकली. समोरून गाड्या येत होत्या, मागचा रिक्षावाला भोंगा वाजवत होता, आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून आपल्या बोटाकडे बघत होती. हा हात फार मोठा आहे, असं तिला वाटत होतं. का वाटत होतं, ते तिला कळेना.

“चल,” मकरंद म्हणाला.

ती चालू लागली. बोट तिनं सोडवून घेतलं नाही. पण रस्ता संपेपर्यंत ती हळूहळू, अगदी लहान लहान पावलं टाकत चालली.